आम म्हणजे सायटोकाइन नव्हे

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायात एक नवे समीकरण रूढ झाले आहे. औषधनिर्मात्यांच्या रंगीत माहितीपत्रकांतून, परिसंवादांतील व्याख्यानांतून आणि क्वचित पदव्युत्तर प्रबंधांतूनही 'आम म्हणजेच सायटोकाइन' हे विधान इतक्या सहजतेने केले जाते, की नवख्या वैद्यास तो ग्रंथोक्त सिद्धांतच वाटावा. संधिविकारावरील नव्या गोळीच्या वेष्टनावर 'इंटरल्युकिन-१ बीटा व टीएनएफ अल्फा यांचे शमन करणारी' अशी ओळ असली म्हणजे ती गोळी शास्त्रीय ठरते, असाही एक समज पसरत आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे समीकरण दोन्ही शास्त्रांच्या कसोटीवर टिकत नाही आणि त्याची किंमत शेवटी रुग्णास मोजावी लागते.

राणीसावरगावसारख्या, बालाघाटाच्या माळावरील गावात व्यवसाय करणाऱ्या वैद्याने रेणूंच्या या भानगडीत कशाला पडावे, असे काही ज्येष्ठ वैद्यबंधू विचारतील. माहितीपत्रक घेऊन येणारा प्रतिनिधी गंगाखेडला येतो तसा आमच्याकडेही येतो, आणि त्याच्या विधानाची परीक्षा करायची तर ते रेणू काय आहेत हे आपणांस ठाऊक हवे, एवढेच त्यावर उत्तर आहे.

सांध्यातील कूर्चा, जिला आपण तरुणास्थि म्हणतो, ही मोठी विलक्षण रचना आहे. प्रौढाच्या निरोगी कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, लसीकावाहिन्याही नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून झिरपत होते. कोलॅजनच्या दुसऱ्या प्रकाराच्या तंतूंचे जाळे, त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारा अ‍ॅग्रिकन नावाचा प्रचंड रेणू आणि या सर्वांत विखुरलेल्या थोड्याशा पेशी, एवढाच तिचा संसार. हा संसार कसा मोडतो याविषयी बराच काळ अशी समजूत होती, की सुजलेल्या संधिकलेतून पाझरणारे पाचक स्राव कूर्चेला बाहेरून खातात.

या समजुतीला छेद देणारा प्रयोग इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे झाला. डेम ऑनर फेल या विदुषी आणि त्यांचे सहकारी जुब यांनी तो १९७७ साली प्रसिद्ध केला. फेल यांनी तेव्हा वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती, हे मुद्दाम नमूद करतो. कूर्चेचा तुकडा आणि संधिकलेचा तुकडा त्यांनी एकाच पात्रात, परंतु परस्परांस स्पर्श होणार नाही अशा अंतरावर ठेवला. तरीही कूर्चा झिजली. नंतर कूर्चेतील पेशी आधीच मृत करून तोच प्रयोग केला, तेव्हा दूरवरून होणारी ती झीज थांबली. याचा अर्थ असा, की संधिकला कूर्चेला खात नाही. ती कूर्चेतील जिवंत पेशींना एक निरोप धाडते आणि त्या निरोपावरून कूर्चा स्वतःचे घर स्वतःच पोखरू लागते. या निरोप्याला पुढे 'कॅटाबोलिन' असे नाव मिळाले आणि १९८०च्या दशकात तो म्हणजे इंटरल्युकिन-१ होय, हे सिद्ध झाले.

आज ही साखळी बरीच उलगडली आहे. इंटरल्युकिन-१ बीटा किंवा टीएनएफ अल्फा कूर्चापेशीवरील आपल्या ग्राहकाला चिकटतो. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबली जाते. मग अ‍ॅग्रिकन तोडणारी आणि कोलॅजन तोडणारी विकरे निर्माण होतात, नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टाग्लँडिन वाढतात आणि नवी कूर्चा घडविण्याचे काम मंदावते. यातील क्रम वैद्याने ध्यानात ठेवावा असा आहे. आधी अ‍ॅग्रिकन जाते. ते काही अंशी भरून येऊ शकते. कोलॅजनचे जाळे मागाहून तुटते, आणि ते एकदा तुटले की प्रौढ वयात पूर्ववत होत नाही. मानवी कूर्चेतील निम्मे कोलॅजन बदलले जाण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतील, असे मापन २००० साली प्रसिद्ध झाले आहे. 'झिजलेली गादी पुन्हा भरून काढतो' असे सांगणाऱ्याने हा आकडा एकदा स्वस्थपणे वाचावा, मग त्याची पॅथी कोणतीही असो.

आता समीकरणाकडे वळू. आम ही आपल्या शास्त्रातील अग्निमांद्यजन्य अवस्था आहे. तिचे निदान गौरव, आलस्य, अरुची, मलसंग, जिव्हेवरील लेप अशा लक्षणांनी होते आणि तिची चिकित्सा लंघन, दीपन, पाचन अशा क्रमाने जाते. माधवनिदानात आमवाताला स्वतंत्र अध्याय मिळाला तो याच संप्राप्तीच्या आधारावर. सायटोकाइन ही पेशीने हेतुपूर्वक निर्माण केलेली प्रथिने आहेत. निरोगी देहातही ती असतात आणि त्यांच्यावाचून संरक्षण होत नाही. आमाविषयी असे कोणी म्हणेल काय? आमाचा थोडासा अंश देहास हितकर असतो, असे कोणत्याही संहितेने म्हटलेले नाही.

हा केवळ शब्दच्छल नाही. लंडनच्या केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी टीएनएफला अडविणारे प्रतिपिंड १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात आमवातसदृश विकाराच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना दिले. त्या चिकित्सेने या व्याधीचा इतिहास बदलला. परंतु २००१ साली हेही नोंदले गेले, की टीएनएफ अडविल्यावर काही रुग्णांत सुप्त क्षयरोग उफाळून आला. क्षयाच्या जंतूला फुफ्फुसात कोंडून ठेवणाऱ्या पहाऱ्यात हाच टीएनएफ उभा असतो. टीएनएफ जर आम असता, तर त्याच्या निर्हरणाने आरोग्य यावयास हवे होते. क्षय येता ना.

दुसरी अडचण तर आपल्या चिकित्सेच्या मुळावरच येते. इंटरल्युकिन-१ केवळ आमवातात सापडतो असे नाही. वृद्धापकाळच्या झिजेच्या संधिगतवातातही तो सांध्यात असतो. मग समीकरण मान्य केल्यास संधिगतवातही साम ठरतो. सत्तरीची, कृश, रूक्ष, धातुक्षीण वृद्धा गुडघे धरून समोर बसली असता तिला बृंहण, स्नेहन आणि बस्ती द्यावयाची, की 'सायटोकाइन वाढले आहेत' म्हणून लंघन घालावयाचे? उलट बाजूने, सांधे तापलेले, जीभ माखलेली, अंग जड अशा तरुण स्त्रीला आरंभीच तेलाचे अभ्यंग केले तर काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. साम-निराम हा भेद म्हणजे आपल्या हातातील खरे शस्त्र. एका रेणूच्या नावाखाली दोन्ही अवस्था एकत्र केल्या, की ते शस्त्र बोथट झालेच.

मग रेणूंचे संशोधन आपल्या काहीच उपयोगाचे नाही काय? तसे मुळीच नाही. आणि अभिमानाची गोष्ट अशी, की याविषयी उत्तम काम आपल्याच राज्यात झाले आहे. केवळ ते माहितीपत्रकांत येते त्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील अस्थिरोग विभागात झालेला सालईच्या, म्हणजे शल्लकीच्या सत्त्वाचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या संधिगतवाताचे ३० रुग्ण, आठ आठवडे औषध व आठ आठवडे निष्क्रिय गोळी, अशी अदलाबदलीची रचना होती. वेदना कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. आणि क्ष-किरण चित्रात काहीही फरक पडला नाही. हे शेवटचे वाक्य संशोधकांनी स्वतः लिहिले आहे. शल्लकीच्या जाहिरातीत ते आढळल्याचे मला स्मरत नाही.

पुण्यात भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' या संशोधन संस्थेतील गटाने २००७ साली अश्वगंधेवरील काम प्रसिद्ध केले. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेली रुग्णांची कूर्चा काचपात्रात जिवंत ठेवावयाची आणि तिच्यावर अश्वगंधामूलाचा जलीय अर्क घालून झीज मोजावयाची, अशी ही पद्धती. फेल यांच्या प्रयोगाचीच ही पुढची पिढी म्हणावयास हरकत नाही. निष्कर्ष असा, की अल्पकाळाचे कूर्चारक्षण दिसले, परंतु निम्म्याच रुग्णांच्या कूर्चेत. माहितीपत्रकात 'अश्वगंधा कूर्चेचे रक्षण करते' एवढेच उरते. वैद्याच्या दृष्टीने मात्र सारे स्वारस्य त्या उरलेल्या निम्म्यांतच आहे. ते कोण होते? त्यांचे वय, प्रकृती, व्याधीची अवस्था काय होती? हा प्रश्न विचारण्याची परंपरा आपली आहे, आणि तो आपण विचारत नाही, हे मला अधिक खटकते.

शिवाय काचपात्रात जाठराग्नी नसतो. तेथे द्रव्य थेट पेशीवर पडते. रुग्णाच्या बाबतीत ते मुखातून जाते, पचते, यकृतातून गाळून निघते आणि रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेपर्यंत द्रवातून झिरपत पोहोचते, पोहोचले तर. हळदीतील कर्क्युमिन हे काचपात्रात दिग्विजयी आहे, पण ते आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. मिऱ्यातील पायपरिनसोबत दिल्यास त्याचे रक्तातील प्रमाण पुष्कळ वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले. कल्पना आणि अनुपान यांचे महत्त्व सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी तरी सुट्या अर्काच्या प्रयोगावर भाळू नये.

रेणू खाली आणला म्हणजे रुग्ण बरा झाला, हे गृहीतकही आधुनिकांच्याच हातून पडले आहे. इंटरल्युकिन-१ चा अडथळा करणारे अ‍ॅनाकिन्रा गुडघ्यात टोचून पाहिले; २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निष्क्रिय द्रावणापेक्षा सरस ठरले नाही. इंटरल्युकिन-१ चे अल्फा व बीटा हे दोन्ही प्रकार अडविणाऱ्या लुटिकिझुमॅबची चाचणी २०१९ साली आली. संधिकलेची सूज वा कूर्चेची झीज यांत फरक पडला नाही, वेदनेतही टिकाऊ लाभ दिसला नाही. हृद्रोग्यांवरील एका प्रचंड चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटा अडविल्यावर सांधाबदलाच्या शस्त्रक्रिया कमी झाल्याचे २०२० साली मागाहून केलेल्या विश्लेषणात आढळले, त्यामुळे हा मार्ग अगदीच बंद झाला असे कोणी म्हणत नाही. परंतु अब्जावधींची साधने असलेल्यांना नेमका रेणू अडवूनही संधिगतवात जिंकता आलेला नाही. आपली गोळी काचपात्रात तो रेणू थोडा उतरविते, एवढ्यावर आपण रुग्णाला काय आश्वासन देणार?

याउलट रुग्णालाच मोजण्याचा सरळ मार्ग आपल्याकडे घालून दिलेला आहे. पुण्याचे संधिविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी, केंद्र शासनाच्या सीएसआयआरच्या प्रकल्पांतर्गत, सुंठ, गुळवेल, आवळा व सालई यांच्या कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी केली. गुडघ्याचे ४४० रुग्ण, २४ आठवडे, रुग्ण व चिकित्सक दोघांसही औषध अज्ञात. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष: वेदना व कार्यक्षमता यांत आयुर्वेदीय कल्प त्या दोन्ही औषधांच्या बरोबरीचे. त्याच लेखात, आयुर्वेदीय गटातील काही रुग्णांत यकृताचे एसजीपीटी हे विकर लक्षणांवाचून वाढले व पुढे आपोआप पूर्ववत झाले, हीही नोंद आहे. पहिले वाक्य आपण सर्वत्र सांगतो. दुसरे सांगत नाही. गुळवेल असलेला कल्प दीर्घकाळ देताना मध्येच एकदा यकृताची तपासणी करून घ्यावी, हा साधा बोध त्यातून घेता आला असता.

आता आमच्या भागाविषयी. गंगाखेड तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. कोयत्याने तोडणारा नवरा आणि मोळी बांधून डोक्यावर वाहणारी बायको मिळून एक कोयता गणला जातो. जे गावी राहतात त्यांना कापसाची वेचणी आणि सोयाबीनची काढणी असते. या स्त्रियांपैकी बहुतेकींचे दुखणे श्रमाचे किंवा झिजेचे असते. परंतु त्यांच्यातच तिशी-पस्तिशीची एखादी अशी येते, की जिची दोन्ही मनगटे आणि बोटांची पेरे सारखी सुजलेली आहेत आणि सकाळी भाकरी थापता येत नाही म्हणून सासूचे बोलणे खात आहे. भिगवण येथे १९९६ साली झालेल्या पाहणीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण प्रौढांत सुमारे अर्धा टक्का, म्हणजे हजारांत पाच, आढळले होते, तर झिजेच्या संधिविकाराचे सुमारे सहा टक्के. म्हणजे गर्दी सहा टक्क्यांची आहे आणि घाई त्या अर्ध्या टक्क्याची.

घाई अशासाठी, की या व्याधीत हाडाची व कूर्चेची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू झालेली असते. वर सांगितलेला क्रम येथे हाताच्या बोटांवर घडत असतो. सहा आठवडे सूज टिकली असेल, पहाटेची आखड तासाभराहून अधिक असेल, तर ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि शक्य झाल्यास अँटी-सीसीपी करून घ्यावे आणि संधिविकारतज्ज्ञाचे मत घ्यावे, यात आयुर्वेदाचा कोणता पराभव आहे? आपली चिकित्सा सोबत चालू ठेवता येते. मात्र त्या रुग्णेला मेथोट्रेक्सेट सुरू झाले असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे आहे हे तिला कोणी समजावून सांगितले आहे काय, ते आपण अवश्य विचारावे. रोज घेतल्याने प्राणावर बेतू शकते. आणि औषध घेत असता दिवस राहू देऊ नयेत, हेही तिच्याशी स्पष्ट बोलावे.

याऐवजी घडते ते असे, की ती 'सायटोकाइनशामक' गोळ्यांचे तीन डबे संपविते, मग बाजारातल्या कुणाकडून तरी बिननावाच्या चूर्णाच्या पुड्या घेते. त्यांतील काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते. आठवड्यात ती उठून कामाला लागते, वर्षाने चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि पुड्या एकाएकी बंद केल्या तर कोसळते. ते चूर्ण ती आयुर्वेदाचे म्हणूनच घेत असते, हे आपण विसरू नये.

आपल्या संघटनेपुढे माझी सूचना लहानशी आहे. संधिविकाराच्या प्रत्येक नव्या रुग्णासाठी एका पानाचे नोंदपत्रक असावे. 'प्रत्येक रुग्णाची चिकित्सा निराळी, तिचे मोजमाप होत नाही' हा आक्षेप येईल. कोइमतूर येथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ४३ रुग्णांवर ३६ आठवड्यांची चाचणी झाली व २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत वैद्यांना प्रत्येक रुग्णासाठी औषधयोजना स्वतंत्र ठरविण्याची मुभा होती, तरीही मेथोट्रेक्सेटशी तुलना दुहेरी अज्ञात पद्धतीने पार पडली. दोन्ही चिकित्सांचे फळ साधारण सारखे दिसले. संख्या लहान असल्याने त्यावर इमला बांधू नये. चिकित्सा निराळी असूनही मोजमाप एक असू शकते, एवढे मात्र त्यातून दिसलेच.

पत्रकात सुजलेल्या सांध्यांची संख्या, साम-निराम लक्षणे, प्रकृती, ईएसआर व एसजीपीटी, आधीच्या पुड्यांचा इतिहास आणि चालू असलेली अन्य औषधे यांचे रकाने असावेत. पहाटेच्या आखडीसाठी 'किती मिनिटे' असे विचारल्यास आमच्याकडे उत्तर मिळत नाही. तेथे 'उठल्यापासून भाकरी थापता येईपर्यंत किती वेळ जातो' असा प्रश्न छापावा. पुरुषांसाठी 'विळा धरता येईपर्यंत'. दर सहा आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. औषध ज्या रुग्णांना लागू पडले नाही त्यांची पत्रके वेगळी काढून ठेवावीत, कारण अश्वगंधेच्या त्या उरलेल्या निम्म्यांचा शोध तेथूनच लागेल. नमुना पत्रक मी संपादक मंडळाकडे पाठविले आहे. टोळ्या दसऱ्यानंतर बाहेर पडतात, तेव्हा त्यापूर्वी ते छापून गंगाखेड तालुक्यातील दवाखान्यांत पोहोचले, तर पहिल्या हंगामाच्या नोंदी टोळ्या परतल्यावर मिळू लागतील.